मृत्यूचा भूगोल

पटकी, प्लेग किंवा देवी यांच्या सांथींचा इतिहास लिहिणारांस साधनांची उणीव सहसा पडत नाहीं. सांथ आली म्हणजे गांव ओस पडतें, बाजार बंद होतात, सरकार हुकूम काढतें, लोक नवस बोलतात, आणि या सर्वांची कोठें ना कोठें नोंद राहते. १८९७ सालच्या पुण्याच्या प्लेगनें मागें जेवढा कागद ठेवला आहे तेवढा पुष्कळशा लढायांनींही ठेवलेला नाहीं. परंतु जे रोग एका दिवसांत माणसाला नेत नाहींत, दहा-वीस वर्षें त्याच्या अंगांत बिऱ्हाड करून राहतात आणि अखेर एके दिवशीं घरधन्यालाच बाहेर काढतात, त्यांचा इतिहास फारसा कोणी लिहून ठेवीत नाहीं. हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह, कर्करोग, फुप्फुसांचे जुनाट विकार हे ते रोग. घरांतील कर्ता माणूस पन्नाशीच्या आंत गेला म्हणजे आपण म्हणतों, दोरी तुटली; आणि शेजारचे आजोबा नव्वदीला पोंचले म्हणजे म्हणतों, दोरी बळकट. एका माणसापुरतें पाहिल्यास या बोलण्यांत फारसें वावगें नाहीं. पण एकाच्या जागीं एक लक्ष माणसें घेतलीं म्हणजे ही दोरी देशागणिक निराळ्या सुताची दिसूं लागते, आणि दैव म्हणून जें कांहीं असेल त्यालाही राज्यांच्या सीमा ठाऊक आहेत असें म्हणण्याची पाळी येते.

हें मोजण्याची एक रीत आतां सर्वमान्य झाली आहे. वयाची तीस वर्षें पुरी केलेलीं शंभर माणसें घ्यावयाचीं आणि त्यांतील किती जण सत्तरीच्या आंत वरील रोगांपैकीं एखाद्यानें मरतील याचा हिशेब करावयाचा. सत्तरीची मर्यादा अशासाठीं कीं, त्यापुढें मरण कोणत्या रोगानें आलें यापेक्षां तें आलें हेंच अधिक खरें असतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ सालच्या अंदाजाप्रमाणें असे अकालीं जाणारे दक्षिण कोरियांत शंभरांत सुमारें सात, जपान व स्वित्झर्लंड येथें आठ, फिनलंडांत दहांच्या आंत, अमेरिकेंत तेरा-चौदा, साऱ्या जगाची सरासरी अठरांच्या जवळ, हिंदुस्थानांत सुमारें बावीस, रशियांत चोवीस, आणि प्रशांत महासागरांतील किरिबाटी नांवाच्या बेटांवर जवळजवळ निम्मे! पुरुषांचा आंकडा बहुतेक सर्वत्र बायकांहून मोठा असतो. अमेरिकेसारखा देश, जेथें वैद्यकावर माणशीं होणारा खर्च साऱ्या जगांत अधिक, तो या यादींत कोरियाच्या कितीतरी मागें आहे, ही गोष्ट वाचकांच्या ध्यानांत आलीच असेल. पैशानें आयुष्य विकत मिळतें या समजुतीला येथें पहिला धक्का बसतो. हे आंकडे असे कां, आणि ते पूर्वींपासून असेच होते काय, हा आमच्या प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

मुळांत कोण कशानें मेला हें लिहून ठेवण्याची कल्पनाच फार जुनी नाहीं. लंडन शहरांत दर आठवड्याला मृतांच्या याद्या छापून निघत असत; त्या मुख्यतः प्लेगची चाहूल लागावी म्हणून असत. जॉन ग्राँट नांवाच्या एका कापड-व्यापाऱ्यानें त्या जुन्या याद्या गोळा करून १६६२ सालीं त्यांवर एक लहानसें पुस्तक लिहिलें, आणि मरणांतही एक प्रकारची नियमितता असते हें प्रथमच जगाच्या नजरेस आणून दिलें. इंग्लंडांत १८३७ सालीं सरकारी नोंदणी सुरू झाल्यावर विल्यम फार या गृहस्थानें मृत्यूच्या कारणांचें वर्गीकरण करण्यांत आपली हयात घालविली. परंतु प्रत्येक देशाचे डॉक्टर आपापल्या भाषेंत आणि आपापल्या समजुतीप्रमाणें कारण लिहीत. तेव्हां एका देशाशीं दुसऱ्याची तुलना करावयाची कशी? पॅरिसचे झाक बर्तियों यांनीं केलेली रोगांची यादी १८९३ सालीं आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र-संस्थेनें शिकागो येथें मान्य केली, आणि तिचीच सुधारून वाढविलेली आवृत्ति १९४८ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या हातीं आहे. यादी एक झाली म्हणून लिहिणारे हात एक झाले असें मात्र नव्हे. फ्रान्समध्यें हृदयविकारानें मरणारे इतके थोडे कसे, याचें नवल पुष्कळ वर्षें चाललें होतें आणि त्याचें श्रेय कोणी द्राक्षासवालाही देत. पुढें एकवीस देशांत एकाच कसोटीनें मोजदाद झाली तेव्हां त्या नवलाचा कांहीं भाग तेथील डॉक्टरांच्या लेखणींत होता असें आढळून आलें. कांहीं भाग, सर्व नव्हे. आमच्याकडे तर खेड्यांतील मरणाचें कारण लिहावयास डॉक्टरच नसे. म्हणून हिंदुस्थानच्या महानिबंधकांच्या खात्यानें या शतकाच्या आरंभीं निवडक घरीं माणसें पाठवून, मृताच्या आप्तांना त्याच्या अखेरच्या दिवसांची हकीकत विचारून, ती डॉक्टरांकडून वाचवून घेऊन कारण ठरविण्याचा उपक्रम केला. शोकाकुल घरांत बसून केलेली ही चौकशी कितीही अपुरी म्हटली, तरी तीवांचून आमच्याकडील मरणाबद्दल आम्हांला आज जें ठाऊक आहे त्याचा मोठा भाग ठाऊक झाला नसता.

आतां मुख्य कथेकडे वळूं. १९५१ सालीं रोम येथें पोषणशास्त्रज्ञांची एक परिषद भरली होती. तिच्या अध्यक्षस्थानीं अमेरिकेच्या मिनेसोटा विद्यापीठांतील ॲन्सेल कीज हे होते. महायुद्धांत सैनिकांना बरोबर नेतां येईल अशी शिधा-पेटी यांनींच सिद्ध केली होती, आणि उपासमारीचा शरीरावर काय परिणाम होतो याचेही त्यांनीं प्रयोग केले होते. अमेरिकेंत त्या वेळीं पन्नाशींतील सुखवस्तु पुरुष हृदयविकारानें पटापट मरत होते. तो विषय निघाला असतां नेपल्सचे एक प्राध्यापक बेर्गामी म्हणाले कीं, आमच्या गांवीं हा प्रश्नच नाहीं. कीज यांना तें खरें वाटेना. पुढच्या वर्षाच्या आरंभीं ते आपल्या पत्नीसह इंग्लंडांतील थंडीगारठ्यांतून आल्प्स ओलांडून नेपल्सला गेले. पत्नी मार्गारेट या स्वतः रसायनज्ञ असून लोकांच्या रक्तांतील कोलेस्टरॉल त्याच मोजीत. पाहतात तों खरोखरच सरकारी रुग्णालयांत हृद्रोगी सांपडेनात; जे थोडे होते ते खासगी रुग्णालयांत, धनिकांच्या खाटांवर. गरीब नेपल्सकर पाव, शेवया, भाजीपाला आणि ऑलिव्हचें तेल यांवर राहत, मांस आठवड्यांतून एकदोनदां. आणि त्यांच्या रक्तांत कोलेस्टरॉलही थोडें.

यावरून कीज यांनीं १९५३ सालीं सहा देशांचा एक आलेख प्रसिद्ध केला. आहारांतील स्निग्धांश जितका अधिक तितकी हृदयविकाराची मरणें अधिक, असें दाखविणारी एक सुरेख चढती रेघ त्यांत होती. सुरेख रेघ पाहिली कीं संशय घेणारे लोक असतात, आणि शास्त्राच्या दृष्टीनें ते असावेत हेंच बरें. येरुशाल्मी व हिलबो या दोघांनीं १९५७ सालीं विचारलें कीं, बावीस देशांचे आंकडे उपलब्ध असतां सहाच कां घेतले? बावीस घेतले तर ती रेघ पुष्कळ विसकळीत होते. आमच्या मतें हा आक्षेप रास्त होता. आणि कीज यांना तो झोंबलाही असावा, कारण त्यानंतर दुसऱ्याच्या आंकड्यांवर विसंबणें सोडून स्वतः माणसें मोजण्याचें प्रचंड काम त्यांनीं अंगावर घेतलें. १९५८ पासून अमेरिका, फिनलंड, हॉलंड, इटली, युगोस्लाव्हिया, ग्रीस व जपान या सात देशांतील सोळा ठिकाणचे चाळीस ते साठ वर्षांच्या आंतील बारा हजार सातशें त्रेसष्ट पुरुष तपासून, त्यांच्यावर वर्षानुवर्षें नजर ठेवण्यांत आली. कोणी अमेरिकन आगगाडीचे नोकर, कोणी क्रीट बेटावरचे शेतकरी, कोणी जपानचे कोळी. या कामांतही दोष काढण्यासारखे आहेत. देश निवडले ते सोयीनें निवडले. आणि क्रीटमधील आहाराची एक पाहणी तर नेमकी ईस्टरपूर्वींच्या दीर्घ उपवासांत झाली! चातुर्मासांत आमच्या घरीं येऊन कोणी आमचा नित्याचा आहार टिपून घ्यावा, तशांतलाच हा प्रकार. तथापि मरणांचा आंकडा कांहीं उपवासानें बदलत नाहीं. हृदयविकारानें मरणाऱ्यांत सर्वांत वर पूर्व फिनलंड आणि सर्वांत खालीं क्रीट व जपान, हा निकाल स्पष्ट लागला.

पूर्व फिनलंडांतील उत्तर कारेलिया हा प्रांत रशियाच्या सरहद्दीला लागून आहे. अरण्यें, तळीं आणि बारा महिन्यांपैकीं निम्मे महिने बर्फ. लोक लांकूडतोडे व गवळी. अंगानें दणकट, श्रमाला न कंटाळणारे. आळस हें हृदयविकाराचें कारण मानणारांनीं या लोकांकडे पाहावें. झाडें तोडून आयुष्य काढलेले पुरुष चाळिशी-पन्नाशींत कोसळत होते. थंड मुलखांत भाजी दुर्मिळ. गाई होत्या म्हणून लोणी मुबलक. पावावर लोण्याचा जाड थर, मलईदार दूध, खारविलेलें मांस, आणि अर्ध्याहून अधिक पुरुषांच्या तोंडीं सिगारेट. लोण्यावर वाढलेला गडी तोच खरा गडी, अशी तिकडील समजूत. साजूक तुपाविषयीं आमच्याकडे जें बोललें जातें त्याहून ती निराळी नव्हती. गांवोगांव तरण्या विधवा होत्या. अखेर १९७१ च्या जानेवारींत त्या प्रांताचे गव्हर्नर, कायदेमंडळांतील प्रतिनिधि व इतर पुढारी यांनीं सरकारकडे अर्ज केला कीं, आमचे लोक मरत आहेत, कांहीं तरी करा. असा अर्ज दुष्काळांत होतो, पुरांत होतो. हृदयविकारासाठीं सबंध प्रांतानें अर्ज केल्याचें दुसरें उदाहरण आम्हांस माहीत नाहीं.

१९७२ सालीं काम सुरू झालें आणि तें पेक्का पुस्का नांवाच्या सत्तावीस वर्षांच्या तरुण डॉक्टरावर सोंपविण्यांत आलें. तज्ज्ञांनीं औषधांच्या गाड्या पाठविल्या असत्या तर कदाचित् तो इतिहास येथें सांगावा लागला नसता. पुस्का यांनीं मार्था नांवाची बायकांची जुनी संघटना हाताशीं धरली. गांवच्या बायका सभागृहांत जमून कमी लोण्याचे व अधिक भाजीचे पदार्थ रांधीत. मग सगळे मिळून तें जेवीत, आणि जेवणानंतर डॉक्टरांचें चार शब्दांचें व्याख्यान. व्याख्यान आधीं आणि जेवण मागून ठेवलें असतें तर किती श्रोते बसले असते तें वाचकांनींच ठरवावें. कोणत्या गांवाचें कोलेस्टरॉल अधिक उतरतें अशी चढाओढ लावण्यांत आली. गवळ्यांचा विरोध झाला, व तो स्वाभाविकच होता. लोणी खपलें नाहीं तर त्यांनीं खावें काय? तेव्हां त्या हवेंत निघणारीं रानफळें, म्हणजे बोरांसारखीं आंबटगोड लहान फळें, लावण्यास त्यांना मदत देण्यांत आली. थंडींत तग धरणारी मोहरीच्या जातीची एक गळिताची वनस्पति फिनलंडांत पिकूं लागली, आणि लोण्याच्या जागीं तिचें तेल आलें. पुढें तंबाखूच्या जाहिरातींवर कायद्यानें बंदी आली. पांच वर्षांनीं हाच क्रम साऱ्या देशाला लावण्यांत आला. पस्तीस ते चौसष्ट वयाच्या पुरुषांतील हृदयविकाराचीं मरणें त्या प्रांतांत पुढच्या पस्तीस-चाळीस वर्षांत ऐंशी टक्क्यांहून अधिक घटलीं. 

येथें एक शंका प्रामाणिकपणें नमूद करणें अवश्य आहे. तुलनेसाठीं म्हणून शेजारचा कुओपिओ प्रांत राखून ठेवला होता. तेथें हें काम करावयाचें नव्हतें. तरी तेथेंही मरणें घटत गेलीं. तेव्हां श्रेय पुस्का यांच्या मंडळीचें किती आणि काळाचें किती, हा वाद अद्याप मिटलेला नाहीं. शेजाऱ्याच्या घरीं दिवा लागला कीं थोडा उजेड आपल्या अंगणांत पडतोच, असें त्याचें एक उत्तर आहे. पण तें पुरेसें नाहीं, कारण त्याच सुमारास अमेरिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड येथेंही हा रोग ओसरूं लागला होता. वर सांगितलेल्या एकवीस देशांच्या मोजणीनें एवढें दाखविलें कीं, जेथें मरणें घटलीं तेथें त्या घटीचा सुमारें दोन-तृतीयांश वांटा मुळांत झटकेच कमी येऊं लागले याचा होता, आणि एक-तृतीयांश झटका आलेला माणूस वांचूं लागला याचा.

जपानची कथा याच्या उलट बाजूची. हृदयविकार तेथें थोडा, म्हणून जपान्यांचा आहार हा अमृताचा आहार असें कित्येकांनीं ठरवून टाकलें. पण त्याच जपानांत १९५१ पासून १९८० पर्यंत सर्व रोगांत पहिला क्रमांक पक्षाघाताचा होता; त्यापूर्वीं तो क्षयाचा होता. उत्तरेकडील आकिता प्रांतांत लांब हिवाळ्यासाठीं भाज्या व मासे मिठांत मुरवून ठेवीत, आणि तेथील माणसाच्या पोटांत दिवसाला पंचवीस ग्रॅमांच्या वर मीठ जाई. मेंदूंतील रक्तवाहिनी फुटून ऐन उमेदींत माणसें जात. जपाननें रक्तदाब मोजणारीं माणसें खेड्यापाड्यांत धाडलीं, १९६१ सालीं वैद्यकीय विमा सर्वांना लागू केला, मीठ उतरविण्याचा उपदेश केला. आणि त्याहून मोठा उपदेश कदाचित् शीतकपाटानें केला, कारण घरांत तें आल्यावर मिठांत मुरविण्याची गरजच उरली नाहीं. १९६५ नंतर पक्षाघाताचीं मरणें झपाट्यानें खालीं आलीं. जपान आज यादीच्या शिरोभागीं आहे तें असें, पूर्वपुण्याईनें नव्हे.

पण तें जपान्यांच्या रक्तांतच असेल तर? याचें उत्तर मिळण्याजोगा एक प्रयोग इतिहासानें आपण होऊन मांडून ठेवला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हिरोशिमा व आसपासच्या प्रांतांतून पुष्कळ जपानी हवाई बेटांत उंसाच्या मळ्यांवर आणि तेथून पुढें कॅलिफोर्नियांत गेले. १९६५ च्या सुमारास तिन्ही ठिकाणच्या जपानी पुरुषांची तपासणी सुरू झाली. मायदेशींच्या गटांतले कित्येक जण हिरोशिमा-नागासाकीचे रहिवासी होते, व अणुबाँबच्या परिणामांच्या चौकशीसाठीं त्यांची नोंद आधींच झालेली होती. रक्त एकच, तरी हृदयविकार मायदेशांत सर्वांत कमी, हवाईंत त्याहून अधिक आणि कॅलिफोर्नियांत सर्वांत अधिक! पक्षाघाताचा क्रम बरोबर उलटा. कॅलिफोर्नियांतही ज्यांनीं आपली जुनी चालरीत व आप्तेष्टांचा गोतावळा टिकविला होता त्यांना हा रोग कमी झाला. खाण्यापिण्याचा हिशेब वजा केल्यावरही तो फरक उरला, ही गोष्ट आम्हांस फार विचार करण्याजोगी वाटते.

हे बदल व्हावयास पिढ्या लागतात असेंही नाहीं. नॉर्वे १९४० ते १९४५ जर्मनांच्या ताब्यांत असतां लोणी, मांस व साखर दुर्मिळ झालीं, आणि लोक हालांत असूनही रक्ताभिसरणाच्या रोगांचीं मरणें घटलीं. युद्ध संपून ताट भरलें तशीं तीं पुन्हां वाढलीं. रशियांत तर याहून भयंकर नाटक झालें. गोर्बाचेव यांनीं १९८५ च्या मे महिन्यांत दारूविरुद्ध मोहीम काढली. पुरुषांचें सरासरी आयुर्मान सुमारें बासष्ट होतें तें दोन वर्षांत पासष्टीजवळ गेलें. मोहीम सैल पडली, पाठोपाठ साम्राज्य कोसळलें, नोकऱ्या गेल्या, दारू स्वस्त झाली, आणि १९९४ सालीं तेंच आयुर्मान अठ्ठावन्नाच्याही खालीं आलें. शांततेच्या काळांत सुशिक्षित राष्ट्राचीं एवढीं माणसें अशीं मरावीं हें पूर्वीं कधीं कोणी पाहिलें नव्हतें. विशेष हें कीं, त्यांतील फार मोठा भाग हृदयविकार या नांवाखालीं नोंदला गेला.

आतां आपल्या माणसांकडे. परमुलखीं गेलेल्या हिंदी लोकांना हृदयविकार लवकर गांठतो, ही गोष्ट प्रथम सिंगापुरास लक्षांत आली. तेथील १९५० ते १९५४ या वर्षांतील शवचिकित्सेच्या नोंदी पाहून दानराज यांनीं १९५९ सालीं दाखविलें कीं, चिनी लोकांपेक्षां हिंदी लोकांत हा रोग कित्येक पटींनीं अधिक आहे. मागून त्रिनिदाद आणि लंडन येथूनही तोच सूर आला. लंडनांतील पंजाबी, गुजराती, बंगाली यांचीं ताटें एकमेकांशीं जुळत नाहींत. कांहीं तर जन्मांत मांसाला न शिवलेले. तरी रोग साऱ्यांनाच. मग हा आमच्या रक्ताचा दोष म्हणावा काय? मॉरिशसकडे पाहावें. १८३४ पासून तेथें उंसाच्या मळ्यांवर मजूर नेले गेले, आणि मुंबई बंदरांतून गेलेल्या कोंकणच्या लोकांचे वंशज तेथें अद्याप मराठी जपून आहेत. १९८७ च्या तपासणींत तेथील हिंदु, मुसलमान, आफ्रिकी रक्ताचे क्रिओल व चिनी अशा चारही समाजांत मधुमेह शंभरांत दहापासून तेरापर्यंत निघाला. चौघांचे पूर्वज निराळे, बेट एक. त्याच वर्षीं तेथील सरकारनें शिधावाटपाचें पामतेल बदलून सोयाबीनचें तेल देण्यास आरंभ केला, आणि पांच वर्षांत लोकांच्या रक्तांतील कोलेस्टरॉल सुमारें पंधरा टक्क्यांनीं उतरलें. एका सरकारी हुकुमानें जें झालें तें हजार व्याख्यानांनीं झालें नसतें. मधुमेह मात्र तेलानें हटला नाहीं; तो वाढतच गेला.

रक्ताचा दोष म्हणावा असें वाटणारें कांहीं आमच्यांत आहे खरें, पण तें कदाचित् रक्ताहून गर्भाशीं अधिक निगडित असेल. इंग्लंडांतील डेव्हिड बार्कर यांनीं १९८६ सालीं असें दाखविलें कीं, ज्या भागांत १९२१ ते १९२५ या वर्षांत तान्हीं मुलें अधिक मरत, त्याच भागांत पन्नास वर्षांनीं हृदयविकारानें अधिक लोक मरूं लागले. म्हणजे गरिबींत जें मूल जगलें त्याच्यावर तिचें देणें राहिलें. हा धागा पुण्याच्या चित्तरंजन याज्ञिक यांनीं पुढें नेला. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांनीं १९९३ पासून गरोदर बायकांची व पुढें त्यांच्या मुलांची तपासणी चालविली. शेतांत राबणाऱ्या, अर्धपोटीं बायकांचीं मुलें पावणेतीन किलोंच्या आंतबाहेर. इंग्रज मुलें साडेतीनांची. परंतु आमच्या मुलांत कमी होतें तें स्नायु व हाडामांसाचें वजन. कातडीखालची चरबी जवळजवळ तेवढीच. दिसावयास किडकिडीत, आंतून मेदयुक्त. याज्ञिक यांनीं पुढें आपलें स्वतःचें आणि आपले इंग्रज मित्र युडकिन यांचें शेजारी-शेजारी काढलेलें छायाचित्रच प्रसिद्ध केलें. उंचीच्या मानानें वजन दोघांचें अगदीं सारखें. पण इंग्रजाच्या अंगांत चरबी शंभरांत नऊ, पुणेकराच्या अंगांत एकवीस. पिढ्यान्पिढ्या दुष्काळ पाहिलेल्या देहाला एकाएकीं शहरचें ताट मिळालें म्हणजे काय होतें, याचा हा एक पुरावा मानावा असा आमचा कल आहे, जरी सर्व तज्ज्ञ अद्याप त्यावर एकमत झालेले नाहींत.

हे श्रीमंतांचे रोग, ही समजूत तर आतां सर्वस्वीं टाकून दिली पाहिजे. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांत १९६७ सालीं सुरू झालेल्या तपासणींत, सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या तिपटीहून अधिक प्रमाणांत सर्वांत खालचे शिपाई हृदयविकारानें मेलेले आढळले. त्यांत कोणी उपाशी नव्हता, कोणी बेकारही नव्हता. आमच्या देशांत दम्याखोकल्याच्या जुनाट विकारानें जाणाऱ्यांचें प्रमाण जगाच्या मानानें फार मोठें आहे, आणि त्यांत जन्मांत विडी न ओढलेल्या बायका आहेत. चुलीच्या धुरांत त्यांचें आयुष्य गेलें एवढाच त्यांचा अपराध.

कर्करोगाची गोष्ट सांगितल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं, कारण तिचा बराच भाग महाराष्ट्रांतच घडला आहे. मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं उघडलें. तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख वसंत रामजी खानोलकर यांना दिसून आलें कीं, कर्करोग शरीराच्या कोणत्या भागीं होतो हें माणसाच्या चालीरीतींवर ठरतें. १९४५ सालीं त्यांनीं व सूर्याबाई यांनीं मिळून अशा तीन प्रकारांची नोंद केली. आंध्रच्या किनाऱ्यावर चुट्ट्याचें पेटलेलें टोंक तोंडांत धरून ओढतात, तेथें टाळूला. खैनी ओठाखालीं धरणारांना तेथेंच. आणि धोतर कमरेला वर्षानुवर्षें घट्ट कसणारांना नेमका त्या काचाच्या जागीं! १९६३ सालीं मुंबईंत या रोगाची नोंदवही सुरू झाली, ती देशांतली पहिली. एकाच शहरांत, एकच पाणी पिऊन, पारशी बायकांत स्तनाचा कर्करोग अधिक आणि पारशी समाजांत तोंडाचा कमी. देशादेशांतील अंतर एका शहराच्या गल्ल्यांतही असतें तें असें. पुढें १९८७ सालीं सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी येथें खेड्यांसाठीं निराळी नोंदवही उघडली, तेव्हां ग्रामीण भागांत एकंदर रोग मुंबईपेक्षां बराच कमी, पण बायकांत गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वांत पुढें, असें दिसलें. हा रोग हळूं वाढणारा व वेळींच कळल्यास बरा होणारा. म्हणजे त्यानें मेलेली प्रत्येक बाई बहुधा तपासणीवांचून मेलेली.

१९९९ सालीं बार्शीजवळच्या उस्मानाबाद (आतांचें धाराशिव) जिल्ह्यांत तीस ते एकोणसाठ वर्षांच्या एक लाख एकतीस हजारांहून अधिक बायकांचे चार गट करण्यांत आले. तीन गटांना तीन निरनिराळ्या पद्धतींनीं एकेकदां तपासलें. चौथ्याला केवळ माहिती सांगितली आणि नेहमींच्या सोयींवर सोडून दिलें. या रोगाच्या विषाणूचा शोध घेणारी चांचणी ज्या गटाला एकदांच लाभली, त्यांत पुढील आठ वर्षांत चौतीस बायका या रोगानें गेल्या. चौथ्या गटांत, तो संख्येनें थोडा लहान असूनही, चौसष्ट गेल्या. इतर दोन पद्धतींचा एवढा उपयोग दिसला नाहीं. चौथ्या गटाला तपासणीवांचून ठेवणें न्याय्य होतें काय, असा वाद पुढें पुष्कळ झाला, व आमच्या मतें तो व्हावयासच हवा होता. देशांत तशी तपासणी मुळींच चालू नव्हती, मग आम्हीं कोणाचें काय काढून घेतलें, असें प्रयोगकर्त्यांच्या बाजूनें उत्तर देण्यांत आलें. फिनलंडनें आपल्या देशांतील बायकांची अशी तपासणी १९६३ पासूनच सुरू केली होती. उस्मानाबादच्या बायकांची पाळी त्यानंतर छत्तीस वर्षांनीं आली, आणि तीही चौघींपैकीं तिघींची.